छत्तीस की त्रेसष्ट

कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त तरी असावा, निदान नोकरीला लागलेला असावा. मी दोन्ही नाही. बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे, वय चोवीस. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणी स्टेशनमास्तर, कोणी परिचारिका, कोणी तलाठी आपले अनुभव लिहितात. त्यांच्या रांगेत मी उभं राहणं मला बरं वाटत नाही. पण वाचनालयाचे काका म्हणाले, "सहा वर्षं शिकवण्या घेतल्यास ना? मग लिही. चुका आम्ही बघू." चुका बघण्याचंच काम मी सहा वर्षं केलं, त्यामुळे या वाक्यानं मला जास्तच धडकी भरली. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझे वडील गवंडीकाम करतात. आई गंगापूर रोडवरच्या इमारतींमध्ये पोळ्या करायला जाते. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. माझी पहिली नोकरी मला आईनंच मिळवून दिली. ती ज्यांच्याकडे पोळ्या करायची त्या शेख मॅडम निवृत्त शिक्षिका होत्या आणि आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तिसरी ते सातवीच्या मुलांचे वर्ग घ्यायच्या. मुलं वाढली, त्यांना मदतीला कोणी हवं होतं. आईनं पीठ मळता मळता सांगितलं, "माझा पोरगा बारावी झालाय, अक्षर चांगलंय." अक्षर चांगलं आहे, एवढ्या एका पात्रतेवर मी अठराव्या वर्षी 'सर' झालो.

शिकवणीचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. लोकांना वाटतं, सर फळ्यापाशी उभे राहून शिकवतात. शिकवायच्या मॅडम. माझं काम वह्यांचं होतं. रोज तीस-पस्तीस वह्या. वही हातात घेतली की ती कोणाची हे नाव न बघता सांगता यावं, अशी मॅडमची अपेक्षा असे. महिन्याभरात मला ते यायलाही लागलं. खाडाखोड करणारा, पान फाडून लपवणारा, पहिल्या पानावर मोत्यासारखं आणि शेवटी कोंबडीचे पाय काढणारा. एकदा एका मुलाचा गृहपाठ इतका सुंदर आला, की मी खाली 'उत्तम' लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात. "सर, 'अतिउत्तम' द्यायला काय झालं होतं? दोन तास बसले होते मी."

मॅडमचा एकच नियम होता : वहीवर रागाच्या भरात काही लिहायचं नाही. मी तो मोडला, म्हणून हा लेख.

दुसऱ्या वर्षी पाचवीच्या वर्गात क्षितिजा आली. वडील बोरसे, मूळचे सटाण्याकडचे, ओझरच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये फिटर. मुलगी चुणचुणीत. तोंडी काहीही विचारा, उत्तर तयार. गोष्ट सांगायला लागली की बाकीची मुलं पेन खाली ठेवायची. आणि वही उघडली की कोणी दुसऱ्याच मुलीची वाटावी. 'घर'चं 'धर', 'मजा'ची 'भजा', 'कलम'चं 'कमल'. वेलांटी कधी अक्षराच्या अलीकडे, कधी पलीकडे, कधी शेजारच्याच अक्षरावर. फळ्यावरून चार ओळी उतरवायला इतरांना पाच मिनिटं लागत, तिला अर्धा तास. त्यातली एक ओळ गाळलेली.

एकदा तिनं मला विचारलं, "सर, 'कि' म्हणताना आधी 'क' बोलतो ना आपण? मग वेलांटी आधी का काढायची?"

मी म्हणालो, "तसंच असतं."

आज बी.एड.ला 'विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचे स्वागत' या विषयावर मी दहा गुणांचं उत्तर लिहू शकतो. तेव्हा माझ्याकडे एवढंच उत्तर होतं.

दर शनिवारी श्रुतलेखन असे. मॅडम शब्द सांगत, मुलं लिहीत. शनिवारी क्षितिजाचं पोट दुखायचं. आली तरी तिच्या पेन्सिलीचं टोक सारखं मोडायचं. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन ती सावकाश टोक करत बसायची. मी ओरडायचो, "नवी पेन्सिल आण की!" ती दुसऱ्या शनिवारी नवी पेन्सिल आणायची. तिचंही टोक मोडायचं.

आकड्यांचीही तीच तऱ्हा. 'सदतीस' म्हटलं की ती आधी सात लिहायची, मग तीन. तीन आणि सहा तर तिच्या वहीत कुठल्या बाजूला तोंड करून बसतील याचा नेम नसे. मी एक युक्ती काढली आणि त्या युक्तीचा मला फार अभिमान वाटला. फळ्यावर मोठे ३६ काढले आणि सांगितलं, "हे बघा, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेत. भांडण झालंय. म्हणून पटत नसलं की आपण म्हणतो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. आता विसराल का?"

सगळा वर्ग हसला. क्षितिजा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्रेसष्ट म्हणजे भांडण मिटलं?"

"हो, म्हण तसं."

त्या आठवड्याच्या वहीत जिथं जिथं छत्तीस हवे होते तिथं तिथं ६३ होते. मला वाटलं, माझी चेष्टा चालवली आहे. लाल पेन घेतलं आणि लिहिलं : 'आळशीपणा व निष्काळजीपणा. स्वतःचे नाव तरी नीट लिहावे. शंभर वेळा लिहून आणणे.'

तिनं आणलं. शंभर वेळा. पहिली वीस नावं ठीक होती, पुढे क्षितिजाची क्षतिजा झाली, क्षितजा झाली, क्षीतजि झाली. मी मोजलं, एकच नाव सात प्रकारांनी लिहिलेलं होतं. बोटाच्या पेराला पेन्सिलीचा खळगा पडला होता. मी त्या वहीवर काय शेरा लिहावा हे न कळून ती घरी घेऊन आलो.

इथं माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सातवीत नापास झाला आणि शाळा सुटली. मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं होतं, "मुलगा कष्टाळू आहे पण मठ्ठ आहे. हाताला काम द्या." तेव्हापासून तो गॅरेजमध्ये. आज ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं काम असलं की लांबलांबून लोक त्याचं नाव विचारत येतात. तो गॅरेजला गेला म्हणून मी शाळेत राहू शकलो, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

रविवारची सकाळ होती. मी ओट्यावर वह्या पसरल्या होत्या. दादा चहाचा कप घेऊन शेजारी बसला आणि सहज वरची वही उचलली. तो कधी वहीला हात लावत नसे. दोन पानं उलटली आणि म्हणाला, "माझी वही तुझ्याकडं कशी काय आली रे?"

"तुझी? ती पाचवीतल्या मुलीची आहे."

"हां, पण माझीच हाय." तो हसत होता, पण वही खाली ठेवत नव्हता. "ही पोरगी पेन्सिलीचं टोक मोडती का?"

"तुला कसं माहीत?"

"मुद्दाम मोडती. टोक करायला गेलं ना, की दोन शब्द चुकवता येतात. आन पुस्तक वाचती का घडाघडा?"

"वाचते की. अगदी छान."

"पुस्तक बंद कर आन वाचायला सांग. तरी वाचंल."

सोमवारी मी करून पाहिलं. धडा 'वाचताना' तिच्या पुस्तकाचं पान मी हळूच उलटलं. ती न थांबता वाचत राहिली, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. सगळा धडा तिला पाठ होता. दुसऱ्यांनी वाचताना ऐकून तिनं तो पाठ केला होता. मला वाचन वाटत होतं ते पाठांतर होतं, आणि मला आळस वाटत होता त्यामागे आमच्या कुणाहीपेक्षा जास्त मेहनत होती.

त्या रविवारी आठवलेली आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. दादा नापास झाला तेव्हा मी पहिलीत होतो. तोही छत्तीसचे त्रेसष्ट करायचा, आणि मला ते बरोबर यायचं. घरी पाहुणे आले की मी त्याला 'दादा त्रेसष्ट' म्हणून हाक मारायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा.

मी मॅडमना वही दाखवली आणि दादा काय म्हणाला ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "याला डिस्लेक्सिया म्हणतात बेटा. अक्षरं आणि त्यांचे आवाज यांची सांगड बसायला या मुलांना फार त्रास होतो. बुद्धीचा काही संबंध नसतो. निवृत्तीच्या आधी आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात ऐकलं होतं. समोसे चांगले होते एवढंच लक्षात राहिलं." चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "तीस वर्षं शिकवलं मी. अशी किती मुलं मी मागच्या बाकावर बसवली असतील, अल्लाह जाने."

मग त्यांनी एक गोष्ट बजावली. ती इथं मुद्दाम लिहितो, कारण हे वाचून कुणी आपल्या मुलाची वही काढून बसेल. मॅडम म्हणाल्या, "ही नुसती लक्षणं आहेत. आपण फक्त ओळखायचं, ठरवायचं तपासणाऱ्यांनी." मला ते लगेच उमगलं नाही. पुढचे काही महिने मला जो तो मुलगा तसाच दिसू लागला. एकाच्या आईला मी अगदी गंभीर चेहऱ्यानं तपासणीचं सुचवलं. मुलाला फक्त चष्मा लागला होता. दुसरा माझ्यासारखाच साधा आळशी निघाला.

क्षितिजाच्या वडिलांना मॅडमनी बोलावून घेतलं. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांना सूट मिळते, असं समजावलं. मी मध्येच मोबाईलवर वाचलेले चार जड शब्द टाकले. रुग्णालय म्हटल्याबरोबर बोरसे उभेच राहिले.

"दवाखाना? डोक्याचा?"

"नाही हो, फक्त वाचनाची तपासणी..."

"मनी पोर येडी नही शे!" रागात त्यांची अहिराणी वर आली. मग मराठीत म्हणाले, "तुम्हाला शिकवता येत नाही म्हणून पोरीवर शिक्का मारता का? पाचवीला आता नापास करतात म्हणे. झाली नापास तर गावाला आत्याकडे ठेवतो. घरकाम शिकेल. लग्नापुरतं लिहिता-वाचता येतं तिला."

दुसऱ्या दिवसापासून क्षितिजा यायची बंद झाली. परीक्षेला अडीच महिने होते.

हे सगळं मी घरी सांगितलं. दादा जेवत होता. त्यानं विचारलं, "आत्याकडं म्हणजे शाळा बंद?"

"तसंच दिसतंय."

"रविवारी मला घेऊन चल."

"तू काय बोलणार त्यांच्याशी?"

"बघू."

रविवारी आम्ही गेलो. बोरसे अंगणात पाण्याची मोटर उघडून बसले होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. दादा काही न बोलता त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि मोटरकडे बघू लागला. "बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. दोघांनी मिळून ते काढलं. पंधरा मिनिटं पान्यांशिवाय कशाचा आवाज नव्हता. मग बोरसेंनी विचारलं, "कुठं शिकलात?"

"गॅरेजला. सातवी नापास हाय मी."

ओट्यावर वर्तमानपत्र पडलं होतं. दादानं हात पुसले, ते उचललं आणि मांडीवर पसरलं. "भाऊ, जरा ऐका," म्हणाला, आणि मोठ्यानं वाचायला लागला.

मी माझ्या भावाला तोपर्यंत कधी वाचताना ऐकलं नव्हतं. पाण्याच्या पाळीची काहीतरी बातमी होती. तो एकेका अक्षरावर थांबत होता. "धर... घरणा... धरणा... तील पा... पाणी..." पंचविशीतला दणकट माणूस, कपाळावर घाम, परक्या माणसाच्या अंगणात. ओळ संपली की पुढची सापडत नव्हती, तीच ओळ पुन्हा सुरू होत होती. मला वाटत होतं की त्यानं थांबावं. तो थांबला नाही.

क्षितिजा दारात येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. तिसऱ्या ओळीला दादा पुन्हा अडकला, तेव्हा ती खाली उतरली आणि त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाली, "दादा, ओळीखाली बोट धरा. मग ती पळत नाही."

दादानं बोट धरलं आणि ओळ पूर्ण केली. मग पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, मी येडा नाय. नवं बेअरिंग टाकलं की तुमची मोटर फिरंल. पण मला सगळे मठ्ठ म्हणले, आन मीबी ते खरं मानलं. हिला तसं मानू देऊ नका. बस. लय झालं माझं बोलणं."

बोरसेंनी जुनं बेअरिंग हातात फिरवलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सर, कुठं जावं लागतं त्याला?"

मला वाटलं होतं, एका दिवसाचं काम असेल. पाच फेऱ्या झाल्या. कधी डॉक्टर रजेवर, कधी शाळेचं पत्र नाही, कधी पत्रावर शिक्का नाही. बोरसेंनी दरवेळी रजा टाकली. बाहेरच्या बाकावर ते क्षितिजाला गोष्टी सांगायला लावायचे आणि शेजारच्या लोकांना म्हणायचे, "पोरगी हुशार शे आमची, फक्त अक्षरं तिला त्रास देतात." तपासणीत तेच निघालं. बुद्धी चांगली आणि वाचन-लेखनाची अडचण खरी.

वर्गात आम्ही नव्यानं शिकलो. मॅडमनी ताटात रवा पसरून अक्षरं बोटानं काढायला लावली. मी पुठ्ठ्याची खिडकी कापली, तिच्यातून एका वेळी एकच ओळ दिसायची. वेलांटीचा तिचा प्रश्न मी तिला परत विचारला आणि कबूल केलं की उत्तर मला माहीत नाही. तिनं स्वतःच तोडगा काढला. वेलांटी म्हणजे छत्री, पाऊस यायच्या आधी उघडायची. श्रुतलेखनाच्या शनिवारी ती सर्वांत शेवटी लिहायची, तिच्या वेगानं. टोक मोडणं हळूहळू कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. पाचवी ती पास झाली. मी लाल पेन वापरणं सोडलं. आजही हिरवं वापरतो. सराव पाठाच्या वेळी निरीक्षक विचारतात, तेव्हा मी म्हणतो, लाल संपलं होतं.

सहावीच्या मध्यावर बोरसेंना मनमाडला काम मिळालं आणि ते बिऱ्हाड घेऊन गेले. निघताना दादानं त्यांना आपला नंबर दिला, "मोटर बिघडली तर सांगा." त्यांचा नंबर दादाच्या फोनमध्ये होता. तो फोन गॅरेजमध्ये जॅकखाली गेला आणि सगळे नंबर गेले. मॅडमचे गुडघे दुखू लागले आणि गेल्या वर्षी त्यांनी वर्ग बंद केला. हॉलमधला फळा त्यांनी मला दिला. आमच्या खोलीत तो मावत नाही, म्हणून पलंगामागे उभा आहे.

त्या हॉलची मला फार आठवण येते. चटयांचा वास, खिडकीतून येणारी पोळ्यांची वाफ, तीस मुलांच्या चपलांचा ढीग. पण सगळ्यांत जास्त एकच गोष्ट मनात यायची : नव्या शाळेनं ते प्रमाणपत्र बघितलं असेल का? की कुणा माझ्यासारख्यानं पुन्हा लाल पेन उचललं असेल? दहावीपर्यंत ती पोचली की आत्याकडे गेली? जवळजवळ पाच वर्षं काही कळलं नाही. मी चौकशी करायला हवी होती. मनमाड काही लांब नाही.

हा लेख अर्धा लिहून झाला होता, तेव्हा एका दुपारी दादा गॅरेजमधून जेवायला आला. हात न धुताच फोन माझ्यापुढे धरला. त्याला सगळे आवाजातले निरोप पाठवतात. हा लिहिलेला होता.

"मी वाचलंय," तो म्हणाला. "दोनदा. आता तू वाच."

निरोप असा होता : 'दादा मी दहावी पास झाले. सरांना सांगा. मराठीत ३६. क्षितिजा.'

मी आधी नाव बघितलं. दोन्ही वेलांट्या जागेवर होत्या. फोन शब्द सुचवतो हे मला ठाऊक आहे. तरी मी बराच वेळ त्या नावाकडेच बघत राहिलो.

"मराठीत त्रेसष्ट पडले पोरीला!" दादा म्हणाला.

"छत्तीस आहेत रे."

त्यानं फोन परत घेतला, आकड्याखाली काळं बोट धरलं, डोळे बारीक केले. "तुला छत्तीस दिसतंय, मला त्रेसष्ट. तिला काय लिहायचं होतं, कुणाला ठाऊक?"

"थांब, फोन करून विचारतो."

"कशाला?" फोन खिशात टाकत दादा म्हणाला. "पस्तीसला पास करतात ना? मग कुठूनबी वाच. पासच हाय ती."